हुरड्याच्या उजेडातला चेहरा

सोलापूर शहर, उत्तर व दक्षिण तालुका, तसेच आसपासच्या सर्व वाड्यावस्त्यांवरील नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, चालू हुरड्यापासून प्रस्तुत लेखक कोणत्याही जिवंत माणसाच्या चेहऱ्यावरील कोणताही डाग, तीळ, व्रण अथवा सुरकुती फोटोतून पुसणार नाही. ज्यांना आपला चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत करून हवा असेल, त्यांनी इतरत्र चौकशी करावी. याउपर कोणाचीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

ही घोषणा मी सकाळच्या चहाला घरात मोठ्यानं वाचून दाखवली. आवाज घुमवून, डावा हात छातीवर ठेवून. बायको मेथी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बरं. पण तुम्हाला पुसायला सांगतंय कोण?"

मोठ्या माणसांच्या प्रतिज्ञांचं घरोघरी असंच होत असावं.

तरी प्रतिज्ञा खरी आहे, आणि ती याच दिवसांत करण्यासारखी आहे. काल बँकेतून घरी येताना अक्कलकोट रस्त्याच्या बाजूनं वारा आला आणि त्यात जळत्या गोवरीचा वास होता. म्हणजे हुरडा आला. कुठंतरी शेतात खड्डा खणून आगटी पेटली असणार, कोवळी कणसं तिच्यात खुपसली असणार, आणि कुणीतरी तळहात भाजत, फुंकर मारत, हिरवे दाणे चोळून पाहुण्यांपुढं टाकत असणार. शेंगाचटणी, गूळ, गाडग्यातलं दही. हा वास आला की सोलापूरच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. माझे मात्र कान गरम होतात. थंडीच्या दिवसांत आपोआप कान गरम होणं ही चैन वाटेल कुणाला, पण ती लाजेची ऊब आहे. काही वर्षं झाली, दर जानेवारीत ती न चुकता येते.

त्या हुरड्याच्या आधी मी निर्लज्ज होतो, आणि फार सुखात होतो.

कॅमेरा मी पन्नाशीच्या थोडा अलीकडं घेतला. या वयात कुणी योगासनं धरतो, कुणी शेअर बाजार, कुणी देव. मी लेन्स धरली. वर्षभरात आमची रविवारी फोटो काढत हिंडणारी एक टोळी जमली, आणि टोळीत सगळ्यांत मोठा आवाज माझा असल्यामुळं गुरुपदही माझ्याकडं आलं. अ‍ॅपर्चर उघडलं की मागचं धूसर का होतं, हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा समजावून सांगत असे. जिलबी वाढणारा थांबून ऐकायचा. निदान मला तसं वाटायचं.

माझं ज्ञान खोटं नव्हतं, हे या निमित्तानं नोंदवून ठेवतो. हुरड्याच्या दिवसांतलं ऊन दुपार कलल्यावर असं काही तिरपं होतं की ज्वारीचं प्रत्येक पान आतून पेटल्यासारखं दिसतं. त्या वेळी माणसाला उन्हाकडं तोंड करून उभं करू नये. डोळे मिचकावतो बिचारा. त्याची पाठ सूर्याकडं करावी, म्हणजे केसांना सोन्याची कड येते, आणि चेहऱ्यावर उजेड टाकायला समोर एखादी पांढरी चादर धरावी. चादरीची या गावात वानवा नाही. सावळा चेहरा आणि पांढरं लुगडं एकत्र आलं की कॅमेरा गोंधळतो, पांढऱ्याला घाबरून सगळंच अंधारं करतो किंवा चेहऱ्याच्या नादात लुगडं जाळून टाकतो. अशा वेळी चेहऱ्यावर मोजमाप घ्यावं आणि उजेड अर्धा घास कमी ठेवावा. अंधारातलं मागून वर काढता येतं, जळालेलं परत येत नाही. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. चेहरा काढताना रुंद लेन्स घेऊन अंगावर जाऊ नये, नाक आधी पोचतं. धूर हवा असेल तर तो उन्हाच्या विरुद्ध बाजूनं बघावा, नाहीतर फोटोत तो नुसता मळका दिसतो.

हे सगळं मला येत होतं. त्याहून जास्त मला आवडायचं ते नंतरचं काम. दुपारी जेवून खोलीचा पडदा ओढायचा, कॉम्प्युटरपुढं बसायचं आणि देवानं केलेल्या चुका दुरुस्त करायच्या. आकाश निळं कर, ज्वारी हिरवी कर, अजून हिरवी कर. डाग पुसण्याचा तो गोल ब्रश हातात आला की मला कुठं थांबावं कळायचं नाही. मेहुण्याच्या हनुवटीवरचा लहानपणी पडल्याचा व्रण गेला तेव्हा मी टाळी वाजवली होती. बायको एकदा खांद्यावरून डोकावून म्हणाली, "तुमच्या फोटोतली माणसं इस्त्री केल्यासारखी दिसतात हो." मी ते कौतुक समजलो.

अशा त्या दिवसांत मल्लिनाथ माझ्या टेबलाशी आला. मल्लिनाथ बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरला बसतो, गाव वळसंग. त्याच्या दोन आत्या. थोरली नीलव्वा, तिला अक्कलकोटच्या पलीकडं सीमेजवळच्या एका गावात दिलेली. धाकटी काशव्वा, नवरा वारल्यापासून माहेरी, भावाच्या वस्तीवर शेळ्या सांभाळून राहिलेली. तर नीलव्वाला विसर पडू लागला होता. आधी भांडी कुठं ठेवली ते, मग वार, मग नातवंडं. तरी दिवसातून दहादा विचारायची, "काशी कुटं हाय? काशी का येईना?" काशव्वा जाणार कशी? खुब्याचं ऑपरेशन होऊन नुकतीच वॉकर धरून चालू लागलेली. डॉक्टरांनी जीपचं नाव काढू दिलं नव्हतं. मोबाईलवर चेहरा दाखवायला जावं तर नीलव्वा एवढ्याशा डब्यात माणूस बघून घाबरायची, हात झटकायची.

"तर साहेब, गुरुनाथ म्हणतोय," मल्लिनाथ म्हणाला. गुरुनाथ हा नीलव्वाचा मुलगा. "मावशीचा एक मोठा फोटो करून द्या. आईच्या खाटेसमोर लावतो. रोज बघितली तर निदान बहीण तरी राहील म्हणतोय ध्यानात."

"मल्लिनाथ," मी उभा राहिलो. टोकन घेऊन बसलेली माणसंही बघू लागली. "फोटो असा करतो की नीलव्वा खाटेवरून उठून त्याला मिठी मारेल."

"मिठी नको," मल्लिनाथ म्हणाला, "वळखलं तरी बास की."

पुढच्या रविवारी वळसंगला गेलो. वस्तीवर हुरड्याला पाहुणे आलेले, आगटी रसरसलेली. काशव्वा बाजेवर बसून कणसं चोळत होती. तळहात असे की निखाऱ्यातलं कणीस तिला कोमट लागत असावं. मला बघून म्हणाली, "हेच व्हय फोटूवाले सायेब? बसा. आदी खावा. रिकाम्या पोटी माणूस वाकडा फोटू काढतंय."

हुरडा खाल्ला, तो किती खाल्ला हे सांगत नाही. मग मी अंगात आल्यासारखा कामाला लागलो. बाज फिरवली. पाहुण्यांना उठवून पलीकडं बसवलं. मल्लिनाथच्या हातात पांढरी चादर दिली आणि ती कलती कशी धरायची ते दाखवलं.

"साहेब, चादर धरायला मी बी.कॉम. झालो का?"

"तोंड बंद. चादर हलते."

"आरं, गप धर की मल्ल्या," काशव्वा म्हणाली. "वाळत घातल्यावानी का धरतोस?"

पण कॅमेरा समोर आला आणि ही बोलकी बाई लाकडासारखी ताठ झाली. ओठ मिटले, डोळे मोठे. हे नेहमीचंच. यावर माझा उपाय असा, की माणसाला त्याच्या आवडीचं काहीतरी विचारायचं आणि तो बोलण्यात रमला की गपचूप बटण दाबायचं. टोळीतल्या सगळ्यांना मी ही युक्ती शिकवली होती. म्हटलं, "आत्या, तुमच्या अक्काचं सांगा काहीतरी. लहानपणचं."

आणि ती सांगू लागली. कपाळावर बोट ठेवून सांगू लागली.

"हे बगा. हे तीन ठिपकं, आन् हनवटीला ह्यो एक. अक्काचं आन् माजं एकाच दिशी गोंदलंया. गोंदणारीन आली, मी भ्याले. अक्का म्हणली, आदी माजं गोंद, हिला बगू दे, काय होत न्हाय. आन् तीच लई वरडली! मी हासले. मग माजी पाळी आली तवा तिनं माजं डोस्कं मांडीत दाबून धरलं, आन् त्या बाईला म्हणली, माज्यावानीच गोंद. तीनच. उद्या आमी कुटं बी गेलो तरी एकमेकीला वळखू आलो पायजे."

"हं," मी म्हणालो. "हं हं. वा. आत्या, हनुवटी जरा खाली. हां. बोला, बोला."

तेव्हा मी काय करत होतो ते मला आजही स्वच्छ आठवतं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर लुगड्याचा पांढरा जळतोय का बघत होतो. शटरचा वेग थोडा वाढवला, कारण आगटीतून राख उडत होती आणि तिचे कण मला हवेत थांबलेले हवे होते. 'कुटं बी गेलो तरी' म्हणताना काशव्वाचे डोळे अक्कलकोटच्या दिशेला वळले आणि चेहऱ्यावर असं काही उमटलं की माझ्यातला शिकारी खूश झाला. मी दाबलं. फोटो उत्तम आला. इतका उत्तम फोटो मी त्याआधी काढला नव्हता, नंतरही नाही.

तिच्या बोलण्यातला एक शब्दही माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

आठवडाभरानं घरी काम करायला बसलो. पहिलीच गोष्ट केली ती अशी, की रंग काढून टाकले. कृष्णधवल चेहऱ्याला वजन येतं, असं माझं मत होतं, अजूनही आहे. पण रंग गेले की हिरवट निळं गोंदण आणि काळी राख यांच्यात फरक उरत नाही. काशव्वा आगटीपाशी बसलेली, वारा उलटा, चेहऱ्यावर जागोजाग राखेचे कण. मी ब्रश घेतला. गालावरचा कण पुसला. नाकावरचा पुसला. कपाळावर तीन होते, पुसले. हनुवटीवर एक होता, पुसला. तोंडानं शीळ घालत होतो बहुधा.

नवशिक्यांसाठी: सफाई आधी रंगीत फोटोत करावी, मग रंग काढावेत. पुसण्याआधी दुसरा एखादा फोटो शेजारी ठेवून बघावं, डाग तिथंही असेल तर तो डाग नव्हे. काम झाल्यावर पडद्यापासून उठून जावं, दुसऱ्या दिवशी बघावं, आणि ज्याचा चेहरा आहे त्याला दाखवल्याशिवाय छापायला टाकू नये. या सगळ्या सूचना मी हल्ली टोळीत फार कळकळीनं देतो. कुणी विचारत नाही कळकळ कुठून आली.

दाखवायची संधी आली नव्हती असंही नाही. मोठ्या आकारात छापून, फ्रेम करून, ती चादरीत गुंडाळून, वर सुतळीनं बांधून मी मल्लिनाथच्या मोटारसायकलवर मागं बसलो. वाटेत वळसंगला थांबलो. काशव्वा वॉकर टेकत फाटकापर्यंत आली.

"दाव की मला. मी कशी दिसतीया बगू तरी."

मल्लिनाथनं सुतळीला हात घातलाही होता. मी त्याचा हात धरला. मला नाटक आवडतं. पडदा उघडण्याची जागा मी मनात ठरवून ठेवली होती आणि ती हे फाटक नव्हती.

"नाही आत्या. उद्घाटन तुमच्या अक्काच्या हस्ते. पहिला मान तिचा."

तिला ते पटलं. "ऱ्हाऊ दे मग. तिनंच बगू दे आदी," असं म्हणून ती खूश झाली. चादरीवरून तिनं त्या फ्रेमवर हात फिरवला, लग्नाच्या मुलीला निरोप देताना पाठीवर फिरवतात तसा. पुढचा सगळा रस्ता दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी होती, आणि मी मागच्या सीटवर ती फ्रेम उराशी धरून, खरंच सांगतो, गात होतो.

नीलव्वाचं घर छोटं, स्वच्छ. खाट खिडकीजवळ. गुरुनाथनं समोरच्या भिंतीला खिळा मारूनच ठेवला होता. "चांगल्या दिवशी आलासा," तो म्हणाला. "सकाळधरनं शुद्धीवर हाय. मला नावानं हाक मारली आज." म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, बारीक, उन्हात ठेवलेल्या चिंचोक्यासारख्या चकचकीत डोळ्यांची. मी फ्रेम खिळ्याला अडकवली, तिच्यावर चादर तशीच ठेवली, बाजूला सरकलो, घसा साफ केला आणि एका झटक्यात चादर ओढली.

मग दाद घ्यायला नीलव्वाकडं वळलो.

तिच्या कपाळावर तीन ठिपके होते. हिरवट, एका ओळीत. हनुवटीवर एक.

काशव्वाचं सगळं बोलणं त्या क्षणी माझ्या कानात आलं, शब्द न् शब्द, हेल काढून, हसण्यासकट. म्हणजे कानांनी आपलं काम त्या दिवशी केलंच होतं. मी भिंतीकडं बघितलं. तिथं एक सुरेख, भारदस्त, कोऱ्या कपाळाची बाई होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

नीलव्वानं बराच वेळ फोटो बघितला. चेहऱ्यावर काही येऊ लागलं, वाटलं आलंच, आणि ते परत गेलं. मग तिनं डोक्यावरून घसरलेला पदर नीट पुढं ओढून घेतला, जसा परकं माणूस दारात आल्यावर घेतात. फोटोकडं बघून ती ओळख नसलेल्या बाईकडं हसतात तशी हसली.

"गुरू," ती हळूच म्हणाली, "पावनी आलीया न्हवं. बसीव की तिला. च्या दे."

"आई, मावशी हाय की गं ही. काशव्वा मावशी."

नीलव्वानं मान हलवली. मुलगा पाहुणीसमोर काहीतरी वेडंवाकडं बोलतोय, याचाच तिला संकोच वाटलेला दिसला. "च्या दे," ती पुन्हा म्हणाली.

मूळ फाइल माझ्याकडं होती. फाइल कधीही पुसायची नाही, हा एकच नियम मी पाळला होता. चार दिवसांत नवीन फोटो केला, रंगीत, राखेसकट, ठिपक्यांसकट, आणि बसनं एकटा जाऊन त्याच खिळ्याला लावून आलो. चादर नव्हती, घसा साफ केला नाही. पण तोवर नीलव्वाला भिंत आणि खिडकी सारखीच झाली होती. गुरुनाथ सांगतो की कधी कधी ती त्या भिंतीकडं तोंड करून झोपायची. त्यावरून काय समजायचं? त्या पावसाळ्याआधीच ती गेली. तो एक चांगला दिवस मी खाल्ला, की तसाही तो वायाच जाणार होता, याचा हिशोब कुणाला लागणार नाही, आणि मला कुणी एका शब्दानं दोष दिला नाही. मल्लिनाथ अजून शेजारी बसतो, डब्यातली शेंगाचटणी अजून मला देतो. लाज धरायला निदान कुणीतरी रागवावं लागतं असं मी समजत होतो. लागत नाही.

मला त्या ब्रशची तितकी लाज वाटत नाही. हात चुकतात. वाटते ती त्या 'हं हं'ची. एका बाईच्या चेहऱ्याकडं मी इतकं निरखून बघत होतो की पापणीवरचा राखेचा कण मला दिसत होता, आणि ती काय बोलतेय ते मला हवं नव्हतं, बोलताना ती कशी दिसते तेवढंच हवं होतं. आता फोटो काढताना मी कॅमेरा खाली करून ऐकतो. त्यामुळं चांगले क्षण हातचे जातात. टोळीत माझं गुरुपद धोक्यात आहे.

पण चादर ओढली त्या संध्याकाळी अजून परतीचा रस्ता होता. ऊन नेहमीसारखं तिरपं झालं, ज्वारी पेटली, आणि मी डोळे मिटून घेतले. वळसंगच्या फाटकाशी काशव्वा बाज आणवून बसलीच होती. गाडीचा आवाज ऐकून वॉकरला हात घातला.

"वळखलं का? काय म्हणली माजी अक्का?"

मल्लिनाथ गाडी स्टँडला लावू लागला. गाडी स्टँडला लावायला इतका वेळ लागलेला मी कधी बघितला नाही.

मी आयुष्यात न घडलेल्या पुष्कळ गोष्टी रंगवून सांगितल्या आहेत. ही एक रंगवता आली असती. अक्का रडली, अक्कानं फोटोवरून हात फिरवला, अक्का म्हणाली माझी काशी. जिभेवर सगळं तयार होतं. पण तिच्या कपाळावरचे ते तीन ठिपके माझ्याकडं बघत होते. मी तिच्या समोर मातीत उकिडवा बसलो आणि खरं ते सांगितलं. काय पुसलं ते, राख समजून पुसलं ते. आणि मग नीलव्वानं पदर ओढून घेतला ते, आणि पाहुणी आलीय, तिला चहा दे, असं म्हणाली ते.

काशव्वाचा हात कपाळाकडं गेला. ठिपके जागेवर आहेत की नाहीत हे बघावं तसा थोडा वेळ तिथंच राहिला. ती रस्त्याकडं बघत होती, आम्ही आलो त्या दिशेला. मला वाटलं आता रडेल, मला वाटलं आता शिवी देईल, आणि शिवीसाठी मी मान खाली घालून तयारही होतो.

"मग?" ती म्हणाली. "दिला का तिला च्या?"